आधी पाणी, मग नाव

कोडोलीच्या स्टँडवरून मी जपानला निघालो तेव्हा मला सोडायला निम्मा पन्हाळा तालुका लोटला होता. हार संपले म्हणून लोक माझ्या गळ्यात उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं घालायला लागले. एक म्हैस रस्त्यात आडवी उभी राहिली आणि एसटीला जाऊ देईना. आबा म्हणतात, सात माणसं होती आणि म्हैस तिच्या कामानं चालली होती. आबा म्हणजे माझे वडील. माझं बोलणं खोडण्यात त्यांचा जन्म गेला.

आमच्या गोठ्यात दोन म्हशी. डेअरीत दूध घातलं की मशीन फॅट दाखवतं, पाणी घातलेलं लगेच उघडं पडतं. मी तोंड उघडलं की आबा चारचौघांत म्हणायचे, "ह्येच्या बोलण्याला फॅट लागत न्हाय. निम्मं पाणी हाय." गाव हसायचं. मीही हसायचो, आणि अजून थोडं पाणी घालायचो.

त्या दिवशी मात्र आबा चेष्टेत नव्हते. एसटी सुरू झाली तशी खिडकीशी येऊन म्हणाले, "कमी बोल. आन् ध्यानात ठेव, कुणी पाणी मागितलं तर आदी पाणी द्यायचं, मग नाव इचारायचं." आमचं घर रस्त्याकडेला. रानातनं येणारा, जोतिबाला चालत जाणारा, वाट चुकलेला, कुणीही दारात टेकला की आधी गूळ-पाणी. आईनं माझ्या पिशवीत स्टीलचा फिरकीचा तांब्या घातला होता, वर पेला बसवलेला, आणि फडक्यात बांधलेले गुळाचे खडे. "नुसतं पाणी दिऊ नगंस बाबा, वंगाळ दिसतंय." मी हसलो होतो. जपानात मला कोण पाणी मागणार?

शिरोलीच्या कारखान्यात लोखंडाचं ओतकाम शिकलो होतो, त्या जोरावर हिरोशिमाजवळच्या एका फौंड्रीत नंबर लागला. काम तेच. वाळूचे साचे, तापलेला रस, तोंडावर तीच धग. बाकी सगळं उलटं. तिथं माणसं इतकी हळू बोलतात की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, विमानात कान गेले. मी आईशी फोनवर बोलायला लागलो की खालच्या मजल्यावरची माणसं भूकंप समजून टेबलाखाली शिरायची. (हे आबांनी खोडलेलं नाही, कारण ते तिथं नव्हते.) भाकरी सुटली, सायकल आली. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचं पाठांतर आलं. त्यांच्या भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द 'मिझु'. म्हणजे पाणी. भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्याला तोच आधी लागतो.

हिरोशिमावर बॉम्ब पडला हे आपण शाळेत एका ओळीत पाठ केलं. तिथं गेल्यावर कळतं की ती ओळ अजून संपलेली नाही. दर वर्षी सहा ऑगस्टला, सकाळी सव्वाआठला, घंटा होते, भोंगा होतो आणि अख्खं शहर एक मिनिट मान खाली घालून उभं राहतं. टीव्हीपुढं बाकीचा देश. आमचे फोरमन मोरिता-सान, साठीचे, बोलायला अगदी कमी. त्यांनी आदल्या दिवशी फोनवरच्या भाषांतरातून मला हे समजावलं. मी मान डोलावली. समजलं काही नव्हतं.

कारण भोंगा म्हटलं की माझ्या डोक्यात साखर कारखान्याचा. भोंगा झाला म्हणजे पाळी सुरू झाली, पळा! मी नदीकाठानं सायकलवर कामाला चाललो होतो. भोंगा ऐकला आणि उभा राहून पेडल हाणायला लागलो, घंटी बडवत. "सरका की वो, सरका!" चक्क कोल्हापुरीत. सरकलं कुणीच नाही. एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन जागच्या जागी थांबलेली. एक म्हातारा थांबलेला. त्याचं कुत्रंही थांबलेलं. पुलावर ट्राम उभी. तिथल्या झाडांवर उन्हाळाभर किडे किर्रर्र करतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही इतकं. तेसुद्धा गप्प. मी ब्रेक दाबला. माझ्या घंटीचा आवाज एकटाच नदीवरून पलीकडं गेला आणि परत आला.

"मिझु."

नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर एक बाई बसली होती. मी घामानं निथळत होतो आणि तिच्या डोक्यावर वाकळेसारखं जाड टोपडं, पार खांद्यापर्यंत. तोंड दिसत नव्हतं. आवाज असा, जसा वाळक्या पाचटावर पाय पडावा.

"मिझु."

इथून पुढं पाणी घातलेलं नाही. पाहिजे तर मशीन लावा.

मी सायकल कठड्याला टेकवली, चार पायऱ्या उतरलो, पेला भरून दिला. गुळाचा खडा दिला. गूळ तिनं मुठीत धरला आणि पाणी प्यायली. मी परत भरला. ती परत प्यायली. लिटरभराचा तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा झाला. पिताना घशाचा आवाज नाही, श्वासाचा नाही. वर सायकल घसरल्याचा आवाज आला म्हणून मी मान वळवली. तेवढ्यात झाडांवरचे किडे एकदम पेटले आणि ट्राम हलली. 'आपलं नाव काय?' एवढं मला त्यांच्या भाषेत येत होतं. ते तोंडात घेऊन मी परत वळलो, तर पायऱ्या रिकाम्या. वर यायची वाट मी अडवलेली. खाली पाण्यावर तरंग नाही.

पेला पायरीवर पालथा होता. उचलायला गेलो आणि हातातून सोडला. उन्हात तापलेलं स्टील आणि आगीत तापलेलं स्टील, यातला फरक मला झोपेतही कळतो. निवल्यावर पाहिलं, तर काठाला मोराच्या पिसासारखी निळी-जांभळी झाक. स्टीलला अशी झाक यायला किती आच लागते, ते कुठल्याही ओतकामवाल्याला विचारा.

"उशीर का?" मोरिता-साननी विचारलं. माझ्याकडं थापा तयार होत्या. पंक्चर, पोटदुखी, आडवा गेलेला अजगर. पण मी खरं सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझी जीभ अडखळली. थापेवर माणूस हसला तर आपलीच कमाई. खऱ्यावर हसला तर?

ते हसले नाहीत. साच्याच्या वाळूवर त्यांनी बोटानं एक टोपडं काढलं. "असं?"

"असंच."

युद्धात बॉम्बच्या भीतीनं लोक ते घालायचे, म्हणाले. मग थांबत थांबत, एकेक वाक्य फोनमध्ये बोलून, त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. त्या दिवशी ती दहा वर्षांची होती. थोरली बहीण भाजून घरी आली आणि पाणी मागत राहिली. भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो, असं मोठी माणसं सांगत होती. म्हणून ही पोर भरलेलं भांडं मांडीवर घेऊन बहिणीजवळ बसून राहिली. बहीण तशीच गेली. भांडं भरलेलंच. आई पुढं म्हातारी होऊन वारली, पण सहा ऑगस्टला तिच्या घशाखाली पाण्याचा घोट कधी उतरला नाही.

मोरिता-साननी पेला उलटसुलट करून पाहिला. ती कोण, कशी, काहीच विचारलं नाही.

"प्यायली?"

"प्यायली."

"किती?"

"सगळं."

त्यांनी टोपी काढली आणि कोडोलीच्या या थापाड्यापुढं कमरेत वाकले. इतका वेळ वाकून राहिले, की कुठं बघावं मला कळेना.

गावाला मात्र पटलं नाही. सुट्टीवर आलो की मी पेला दाखवायचो आणि पोरं म्हणायची, "गॅसवर जाळलास की लेका!" जपानात मासे मला नमस्कार करतात, हे ज्यांनी चवीनं ऐकलं, त्यांना हे एक पचेना. गावाचं मला काही नव्हतं. आबांनी मानावं एवढंच होतं. पाणी द्यायला त्यांनीच शिकवलं होतं. पण आबा पेल्याला बोट न लावता म्हणायचे, "फॅट न्हाय," आणि वैरण टाकायला जायचे.

यंदा सहा वर्षांत पहिल्यांदा ऑगस्टात घरी आलो. तिथले सव्वाआठ म्हणजे आपले पहाटेचे पावणेपाच, धारांची वेळ. मी तांब्या भरला, गोठ्याच्या उंबऱ्यावर पेला ठेवला, काठोकाठ, शेजारी गुळाचा खडा. आबा म्हशीखाली बसले होते. त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. बादलीत धारा वाजत होत्या. बाहेर बेडकांचा गलका. मी दावणीशी मान खाली घालून उभा राहिलो.

आधी बेडूक थांबले. मग म्हशीचं रवंथ थांबलं. आणि मग धार. आबांचा हात कासेला तसाच.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे लांब जाऊन पडलात, ते सगळे मला विचारता, घर कुठलं म्हणायचं आता? मी आजवर चांगली लांबलचक उत्तरं दिली. खरं एवढंच, की जिथं पाणी मागताना नाव सांगावं लागत नाही, ते घर. नदीकाठच्या त्या पायऱ्याही मी त्यात धरतो.

आबांनी मान वर केली. उंबऱ्याकडं बघून, रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारतात तसं, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पावणं, आनखी देऊ का पाणी?"

बेडूक परत सुरू झाले.

आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. पेला उचलायला मी पुढं झालो, तर मला हातानं मागं सारलं. स्वतः वाकले, रिकामा पेला उचलला, आणि चटकन दुसऱ्या हातात घेतला. मग परत पहिल्या हातात. चूल फुंकणारी आई गरम भाकरी झेलते तसा.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाय." पेला त्यांनी धोतराच्या सोग्यात धरला. "तांब्या आन भरून."