वाजवताना घालायचं हेल्मेट

गुन्वोर त्रोन्हैम शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. त्याआधी ती बोटींसाठी माशांचे थवे शोधणारी यंत्रं बनवायची.

"मासे निदान पोहतात तरी," ती मला म्हणायची. "तुमचे पेशंट बिचारे पुतळ्यासारखे बसलेले."

बरोबरच होतं. मेंदूतल्या पेशींचे अतिसूक्ष्म चुंबकीय संकेत टिपणारं आमचं जुनं यंत्र खोलीभर पसरलेलं. डोकं जरा हललं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तिनं हलकं हेल्मेट करायला घेतलं, माणसाबरोबर हलणारं. ते टोचतं का हे पाहायला ती घरी ते घालूनच मासे तळायची. एकदा विसरून तशीच दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईनं नुसतं विचारलं, "सायकल घसरली वाटतं?"

पेशंटपैकी ते हेल्मेट पहिल्यांदा घातलं तोर्लाइव्ह यांनी. सत्तरी गाठलेले, लग्नांत फिडल हे व्हायोलिनसारखं वाद्य वाजवणारे. कप धरताना, जाळं विणताना त्यांचा हात अगदी ठीक असे. फिडल घेतलं की डाव्या हाताची दोन बोटं आपोआप मुडपली जायची. म्हणजे मेंदू पाहायचा तर वाजवतानाच.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि पडद्यावर नुसता गोंधळ उठला. तो गाळायचे प्रोग्रॅम लिहिणं माझं काम. आठवडाभर डोकं फोडलं, पण काही उपयोग नाही. शेवटी गुन्वोर फिडलजवळ जाऊन वाकली.

"तारा पोलादी आहेत. थरथरतात आणि सगळं झाकून टाकतात. मेंढीच्या आतड्याच्या लावाल?"

"पोरी, तसल्या माझा बाप लावायचा. हवा दमट झाली की बेसूर!"

"चालेल. आम्हा दोघांना सूर कळत नाही."

कुरकुरतच त्यांनी तारा बदलल्या. लोखंडाचा बारीकसारीक तुकडाही गुन्वोरनं काढायला लावला. पुन्हा चाचणीच्या खोलीत त्यांच्यामागे दार बंद झालं, सूर उमटले, आणि पडद्यावरच्या रेषा निवळल्या. त्या दोन बोटांचे संकेत मेंदूत एकमेकांवर चढत होते. वाजवत्या माणसाच्या डोक्यात हे आम्ही प्रथमच पाहत होतो. गुन्वोरनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

त्या नकाशावरून डॉक्टरांनी बोटांचा वेगळा सराव ठरवला. वसंतापर्यंत एक बोट बरंचसं सुटलं, दुसरं हट्टीच राहिलं.

रेषा निवळल्या त्या दिवशी मात्र धून संपल्यावर गुन्वोर बाहेरून माइकवर म्हणाली, "परत एकदा वाजवाल?"

"का? नीट टिपलं गेलं नाही?"

"टिपलं. आता नुसतं ऐकायचंय."