गालावरची काजळी

भाचीच्या हट्टाखातर मी त्या स्टीमपंक जत्रेला गेलो. वाफेच्या इंजिनांचा जमाना संपलाच नसता तर माणसं कशी दिसली असती, अशी कल्पना करून लोक तिथे नटून येतात. मैदानभर उंच टोप्या, पितळी चष्मे आणि कोटांवर चिकटवलेली दातेरी चाकं. त्यातलं एकही फिरत नव्हतं.

भाची इंजिनावरचा फायरमन झाली होती. आरशात बघत तिने गालांवर काळी पावडर बोटाने पसरली आणि विचारलं, "मामा, काजळी खरी वाटते ना?"

"अगदी खरी," मी म्हणालो.

तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, खरोखरच इंजिनात कोळसा टाकायचे. तिने त्यांना पाहिलेलं नाही. ड्यूटीवरून आले की ते आधी मोरीत शिरायचे. चेहरा घासून स्वच्छ झाल्याशिवाय आम्हा भावंडांना जवळ घ्यायचे नाहीत, आणि तोवर आम्ही बहुधा झोपलेले असायचो. जे धुण्यात त्यांचा जन्म गेला, ते कुणी हौसेने लावून घेतं, हे त्यांना सांगूनही पटलं नसतं. मलाही कुठे पटत होतं?

निघताना भाचीने ओल्या टिश्यूने गाल पुसले. "गेली ना सगळी?"

"गेली."

वडिलांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी पापण्यांच्या कडेला ती बारीक काळी रेघ होतीच. आईने पदराने एकदा पुसून पाहिली आणि मग तशीच राहू दिली.