आदिस अबाबातला ‘वा!’

गायकवाड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत अळूच्या जुड्या निवडत होते. फोन सुमनवहिनींचाच. “बाई, हे गेले हो सकाळी. चहा झाला, पेपर वाचला... आणि खुर्चीतच मान टाकली.” जुडी तिथेच ठेवून मी रिक्षा केली. रिक्षात रडू आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच रडण्यात मनात आलं, आमचा वाद अर्धाच राहिला. पस्तीस वर्षांचा वाद!

खडकीच्या शाळेत सर गणित शिकवायचे, मी मराठी. दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराचा हा मुलगा, वस्तीतला पहिला बी.एस्सी. त्या काळी इथिओपियात भारतातून शिक्षक नेत. सर पंचविशीत तिकडे गेले, एका डोंगराळ गावात तीन वर्षं भूमिती शिकवली आणि तिथलं राज्य उलथलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. आणलं काय, तर तिथल्या गाण्यांचं वेड. सॅक्सोफोन, ऑर्गन आणि पाचच सूर. “अहो बाई, भूपच तो! फक्त सूटबूट घालून आलाय,” असं म्हणत मधल्या सुट्टीत ते डब्याच्या झाकणावर ठेका धरायचे. आणि मग ती गोष्ट यायचीच. आदिस अबाबातल्या एका हॉटेलात निमंत्रितांसमोर बँडचं रेकॉर्डिंग चाललं होतं. सॅक्सोफोनवाल्याने अशी काही जागा घेतली की सरांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. बाकी हॉल चिडीचूप. तो ‘वा!’ रेकॉर्डवर कायमचा उमटला, तोही “बरोब्बर समेवर, बाई!” मग रेकॉर्ड कुठे आहे? तिकडेच राहिलेल्या ट्रंकेत.

आता असली गोष्ट पुण्यात कोण मुकाट्याने ऐकून घेणार? “सर, सिद्धता लिहा, मग गुण देऊ,” हे माझं ठरलेलं उत्तर. वहिनी तर माझ्याही वरताण. “लग्नाआधीचं आहे ना, मग काय वाटेल ते सांगावं माणसाने.” सर आमच्याबरोबर हसायचे. फक्त एकदा जिना उतरताना म्हणाले, “तुमचं सोडा हो बाई. हिला एकदा ऐकवता आलं असतं...”

गेल्या वर्षी आमची जुनी विद्यार्थिनी अनघा उड्या मारतच आली. आयटीत आहे, रेकॉर्डांचा नाद. “सर, यू वोन्ट बिलीव्ह, तुमची ती गाणी परत निघालीत! बाणेरच्या कॅफेत आम्ही लावतो, लोक नाचतात!” तिने परदेशातून तीच रेकॉर्ड मागवली. रविवारी सकाळी विश्रांतवाडीला सरांच्या घरी आम्ही जमलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनींचे पोहे तयार. ती जागा जवळ आली तसं सरांनी बोट वर केलं. “आता...” सॅक्सोफोन थांबला, क्षणभर काहीच नाही, आणि मग तीच जागा पुन्हा वाजली. ‘वा!’ नव्हता. पाकिटावर लिहिलं होतं, जुन्या टेपवरचा सगळा गोंगाट काढून टाकला आहे. सर खो खो हसले. “आयुष्यभर पोरांना गोंगाट करू नका म्हणालो. घ्या!” पण पोह्यांची बशी त्यांनी तशीच ठेवली, ते मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी मी त्या कंपनीला पत्र लिहिलं: ‘आपण गोंगाट म्हणून जो काढलात, ते आमचे सर आहेत. कृपया परत करावेत.’ अनघाने त्याचं इंग्रजी करून पाठवलं. महिने गेले, उत्तर नाही. उत्तर आलं ते सर गेल्यानंतरची पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोबत मूळ टेपची फाइल, जशीच्या तशी. अनघाच्या लॅपटॉपवर आम्ही तिघींनी ऐकली. खरखर, पेल्यांची किणकिण... आणि “वा!” खणखणीत, पंचविशीतला, आमच्या सरांचा. मी हरले, आणि इतक्या आनंदाने आयुष्यात कधी हरले नव्हते. पण समेवर? छे! चांगली एक मात्रा आधी. सॅक्सोफोनवाला दचकून थांबला, कोणीतरी हसलं, आणि त्या भल्या माणसाने या एका श्रोत्यासाठी तीच जागा पुन्हा घेतली. अनघा ओरडलीच, “म्हणजे तो पॉज... अहो, जगभर लोक त्या पॉजचं कौतुक करतात!” वहिनी डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. “गणिताचे मास्तर, आणि एवढं मोजता आलं नाही!”

आता मी दर रविवारी जाते. वहिनी लावतात ती साफ केलेलीच रेकॉर्ड. मूळ टेप नको म्हणतात, “त्यात हे आहेतच की.” सूर चढू लागतो, आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा “वा!” येतो. एक मात्रा आधी. परवा मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही तरी समेवर द्या.”

“आणि मग तो पुन्हा कशाला वाजवेल हो, बाई?”