सगळ्या मीटिंगा रसेल स्क्वेअरला

लंडनच्या वेशीवरच्या हाउन्सलोच्या मराठी मंडळात कुजबुज होती की सुश्रुतच्या आईला, अरुणाताईंना, या वयात पंख फुटलेत. दर सोमवारी हिथ्रो विमानतळावर नवा सूटवाला, आणि बाई त्याचा हात धरून ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत.

त्यांच्या सुनेला, देवयानीला, ही बातमी हळदीकुंकवात मिळाली. मंडळातल्या सीमानं हातावर तिळगूळ ठेवता ठेवता कानात सोडली; गोड बोलायचा सणच तो. देवयानी जागच्या जागी गार पडली. तिची सासू म्हणजे इथल्या हॉस्पिटलांत जन्म काढलेली नर्स, जिच्या नजरेला डॉक्टरही टरकायचे.

सूटवाल्यांचं तिला ठाऊक होतं. पुण्या-नागपुराहून कोणी मीटिंगला लंडनात येणार असलं, की मंडळाच्या ग्रुपवर पहिला सल्ला ताईंचा: टॅक्सी नको, ट्रॅफिकमध्ये सडाल. पिकॅडिली लाइन घ्या, मी सोबत येते. आणि मीटिंग कुठंही असो, ताईंच्या मते जवळचं स्टेशन रसेल स्क्वेअर. पॅडिंग्टनला जाणारा एक बिचारा, ज्याला हिथ्रोहून थेट गाडी होती, तोही रसेल स्क्वेअरला उतरून घामाघूम धावला, आणि वर ग्रुपवर ताईंचे आभार मानून मोकळा झाला.

पण हात धरणं? शिवाय आता देवयानीला आणखी एक खटकलं. ट्यूब स्टेशन घराच्या कोपऱ्यावर. लंडनात जायचं असताना ही बाई आधी बस धरून उलटी हिथ्रोला कशाला जाते?

सुश्रुतला तिनं काही सांगितलं नाही. आईनं एकटीनं फिरू नये, हे त्याचं टुमणं आधीपासूनच होतं. हे कळलं असतं तर सोमवार बंद. आणि सोमवार म्हणजे वरदामावशी, ताईंची नर्सिंगमधली मैत्रीण, रसेल स्क्वेअरजवळच्या केअर होममध्ये अंथरुणाला खिळलेली. संध्याकाळी मावशींचा मुलगा ताईंना गाडीनं घरी सोडायचा.

पुढच्या सोमवारी सून टोपी कानांवर ओढून सासूच्या डब्यात चढली. आजचा सूट नागपूरच्या अर्जुनचा. हिथ्रो सुटताना ताई गप्प होत्या. गाडी उजेडात आली तशी जीभ सुटली. भरितात दाण्याचं कूट घालावं की नाही, इथपर्यंत गप्पा पोचल्या. बॅरन्स कोर्टनंतर गाडी पुन्हा भुयारात शिरली, आणि देवयानी हादरलीच. ताईंचे डोळे घट्ट मिटले, ओठ रामरक्षा पुटपुटू लागले, आणि अर्जुनचं मनगट त्यांनी असं आवळलं की तो वाकडा झाला.

देवयानी उठून शेजारी बसली. "आई, त्याला सोडा. माझा हात धरा."

ताईंनी डोळे उघडले नाहीत. आवाज ओळखला मात्र. "सुश्रुतला सांगणार?"

"सांगेन की, दर सोमवारी मी आणि आई मावशींकडे जातो. कोपऱ्यावरच्या स्टेशनवरून."

"आणि तुझं ऑफिस?"

"लॅपटॉप मावशींच्या खोलीतही चालतो, अहो."

ताईंनी हात बदलला. अर्जुननं मनगट चोळत हळूच विचारलं, त्याची मीटिंग हॅमरस्मिथला आहे, ते अजून किती लांब. ते मागं गेलं होतं.

सीमा अजूनही सोमवारच्या सूटवाल्याची चौकशी करते. खरं एवढंच की अरुणाताईंना भुयारातल्या गाडीत एकटीनं बसायची भीती वाटते.