सातव्या इनिंगची चौकट

इनासभाऊ गेल्याचा त्यांच्या बायकोचा, मारियावहिनींचा मेसेज आला तेव्हा मी मिल्टन स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. ट्रेन समोरून निघून गेली, मी तसाच बसून राहिलो... त्याला आता सहा आठवडे होतील. आजारपण लांबलेलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. पण त्यांच्याशी एक खोटं बोललो होतो आणि ते तसंच राहून गेलं होतं.

इनासभाऊ आमचे शेजारी, मूळचे वसईचे. तरुणपणी तिकडे क्रिकेटचे स्कोअरर होते. कॅनडात आल्यावर त्यांनी तीच पेन्सिल बेसबॉलला लावली. टीव्हीवर मॅच बघायची आणि प्रत्येक इनिंग वहीतल्या चौकटीत उतरवायची. मी नागपूरचा, मला हा खेळ म्हणजे नुसता कंटाळा वाटे. पण स्कोअरर दोन लागतात, एकट्याची नोंद खरी धरत नाहीत, या त्यांच्या हट्टापायी मी नऊ वर्षं त्यांच्या बेसमेंटमध्ये बसलो. मॅच संपली की आम्ही दोघं खाली सही करायचो. प्रतिस्पर्ध्याची इनिंग कोरी गेली की ते क्रिकेटच्या सवयीनं चौकटीत मेडनचा, म्हणजे निर्धाव षटकाचा ‘एम’ काढत. बेसबॉलमध्ये मेडन नसतेच, म्हणून त्यांची लेक शेरन हसायची, “डॅड, दॅट्स नॉट अ थिंग!” समोरच्याला अख्ख्या मॅचमध्ये, म्हणजे नऊही इनिंगमध्ये एकही रन मिळाला नाही, तर इकडे त्याला शटआउट म्हणतात. इनासभाऊंच्या लेखी ते नऊ मेडन. त्या दिवशी ते वहीपुढून लवकर उठत नसत आणि वहिनींना जेवण दुसऱ्यांदा गरम करावं लागे.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या मॅचला त्यांना पेन्सिल धरवेना म्हणून वही माझ्याकडे आली. सहा इनिंग, सहा एम. सातवीला ते एकदम म्हणाले, “सुधीर, मारियाला ड्रायव्हिंग शिकवशील? मीच सगळीकडे नेत होतो ना... ग्रोसरीला पण आता कोणाची वाट बघत बसेल ती?” मी हो म्हटलं. मग तिला कुठेकुठे जावं लागतं, ते एकेक सांगत राहिले. मान वर केली तर टीव्हीवर आठवी सुरू झालेली! एवढ्या सुंदर मॅचमध्ये एक चौकट रिकामी ठेवायला जीव होईना. हळूच फोनवर सातवीचा स्कोअर बघितला, तीही कोरीच होती, आणि एम काढून मोकळा झालो. आमचा संघ जिंकला, नऊच्या नऊ कोऱ्या. मी सही करून वही त्यांच्यापुढे धरली.

“सातवी बघितलीस?” त्यांनी विचारलं.

“बघितली की.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “हातात जोर नाही रे. सही उद्या करू.” तो उद्या त्यांनी झोपेतच काढला आणि मग वहिनींचा तो मेसेजच आला.

नंतर मी वहिनींच्या मागे लागलो, गाडी शिका. “आता या वयात?” म्हणून त्या उडवून लावत. इनासभाऊंनी सांगितलंय, हे मात्र तोंडातून निघत नव्हतं. ते सांगायचं तर ती सातवी इनिंगही सांगावी लागली असती.

गेल्या शनिवारी त्यांनी सगळ्या वह्या काढल्या. “ह्याच पानावर ह्यांची सही कशी नाही?” मी उत्तर टाळायला जुन्या वह्या चाळू लागलो. मी त्यांच्याकडे बसायला लागण्याआधीच्या त्या वह्या कधी उघडल्याच नव्हत्या. त्यांत मधूनमधून चौकटी कोऱ्या होत्या आणि शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. ‘बेसमेंटमध्ये पाणी शिरलं.’ ‘शेरन रडत होती.’ ‘मारियाला ताप.’ न पाहिलेली इनिंग या माणसानं एकदाही भरली नव्हती. सही का राहिली ते मला तेव्हा कळलं आणि फार लाज वाटली.

वहिनींना सगळं सांगितलं. खोडरबर मागून घेतला, सातवा एम पुसला आणि शेजारी लिहिलं : ‘मारियाला गाडी शिकव, असं इनासभाऊ सांगत होते.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. “मला नाही बोलले कधी,” म्हणाल्या. डोळे पुसले, वही मिटली.

“उद्या मिस्सा झाल्यावर चर्चचं पार्किंग रिकामं होतं. तेव्हा ये.”