बांगड्याचं पथ्य

पिरिडिनचा वास ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. शिळ्या मासळीसारखा, नाकात शिरला की घशापर्यंत उतरणारा वास. मी तेव्हा माटुंग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. ज्या दिवशी ती बाटली उघडायची, त्या दिवशी तो वास पातळात आणि केसांत बसून माझ्याबरोबर लालबागला घरी यायचा. साबणाला दाद म्हणून देत नसे.

एका संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच कॉटवरून सासूबाई कडाडल्या, "खंयसून इलंस गो? भायर मासे खावन इलंस मा?"

आज हसू येतं. पण आमच्या घरात तेव्हा मासे हा हसण्याचा विषय नव्हता. सासूबाईंना क्षय झाला होता. गिरणीत रिळाच्या खात्यात जन्म काढलेली बाई, कापसाची पूड छातीत घेत घेतच म्हातारी झाली. डॉक्टरांनी इस्पितळात न ठेवता घरीच औषध सुरू केलं होतं. त्यात मुख्य होती ती नव्यानं आलेली बारकी पांढरी गोळी, आयसोनियाझिड. ती येण्याआधी आमच्या गिरणगावात क्षय म्हटलं की लोक आवाज खाली आणत. माझे सासरे त्यातच गेले होते, मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोत.

गोळीनं गुण दिला. ताप गेला, खोकला बसला, गालांवर जरा मांस आलं. पण गोळीबरोबर सासूबाईंनी आपल्या मनानं पथ्यही सुरू केलं होतं. क्षय उष्णतेचा, मासे उष्ण, अंडं उष्ण, चणे वातूळ, केळं कफाचं. मग उरलं काय, डोंबल! सडीक पांढऱ्या तांदळाची पेज आणि ताक. शिवाय रोग्यासमोर बाकीच्यांनी कसं खायचं, म्हणून सगळ्या घराचेच मासे बंद. मालवणी घरात मासे बंद म्हणजे बारमाही सुतक. आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा भिंतींवर रंगवायला जायचे आणि चुन्यानं माखून परत येऊन मुकाट पेज गिळायचे. सरकारपुढे न नमणारा माणूस, आईपुढे ब्र काढत नव्हता.

आणि मग सासूबाईंचे पाय गेले. आधी मुंग्या, मग आग, मग नळापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागे. जी बाई मोर्च्यात पुढच्या रांगेत असायची ती कॉटवर पाय चोळत बसू लागली. तिचं निदान तयार होतं. "गोळी उष्ण पडता. शिरा पडो त्या गोळयेर! माका नको ती." आणि तिनं गोळी बंद केली. चोरून नाही हं, सगळ्यांना सांगून बंद केली.

माझं डोकं फिरलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गोळी मध्येच सोडली तर उरलेले जंतू तिला सरावतात, मग हीच गोळी पुन्हा देऊन उपयोग नाही. म्हणजे पायांची आग टाळायला बाई जीव द्यायला निघाली होती. समजावलं, भांडले, अबोला धरला. दगडावर डोकं! "रोगापेक्षा इलाज भयंकर," म्हणून ती कूस बदलायची.

तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नियतकालिकं उपसली, आणि पायांच्या आगीचं कारण सापडलं. मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "खातात काय त्या?" मी पेज म्हटल्यावर कपाळाला हात लावला. "पथ्य मी सांगितलंच नव्हतं हो!" त्यांनी बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, मासे द्या, अंडी द्या, चणे द्या, मिळेल ते द्या, पण गोळी उद्यापासून चालू.

तर त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून, वर पिरिडिनचा वास घेऊन घरात शिरले होते आणि माझ्यावर मासे खाल्ल्याचा आळ आला होता. मी पण तोंडाची काही कमी नव्हते. म्हटलं, "मासे नाहीत हो ते! तुमच्या गोळीची आई आहे ती!"

सासूबाई उठून बसल्या. चौकस भारी. मी पण पदर खोचून कॉटवर बसले आणि सांगू लागले. गौरीच्या वेळी सहा जणी हात धरून फेर धरतात ना, तसे सहा अणू. पाच एका घरचे, कार्बनचे. सहावा नायट्रोजन, बाहेरून आलेल्या सुनेसारखा. फेर तोच, पण सुनेमुळे त्याची चाल बदलते. वास तिचा, गुण तिचा.

"आणि दोष?" सासूबाई म्हणाल्या.

"दोषही तिचाच, माहीत आहे मला," मी म्हटलं. "पुढचं ऐका." तुमच्या गोळीत हाच फेर आहे. आणि नसांना जे जीवनसत्त्व लागतं, बी-सिक्स, त्यातही हाच फेर आहे. ते मिळतं माशांत, अंड्यांत, चण्यांत. ही गोळी जंतूंना मारते खरी, पण जाता जाता त्या जीवनसत्त्वाचा हात धरते आणि त्याला लघवीवाटे बाहेर घेऊन जाते. म्हणून ते वरून भरावं लागतं. तुम्ही भरायचं सोडून होतं तेही बंद केलंत.

"म्हंजे पथ्यान माझे पाय गेले?"

"हो! गोळीनं थोडे आणि तुमच्या पथ्यानं पुरते!" मला मनातून आनंदाचं भरतं आलं होतं. म्हटलं, आली म्हातारी वळणावर.

 ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती.

"तेंका पण मी ह्याच पथ्य घातलेलंय," ती म्हणाली. "शेवटाक रोज बांगडो मागीत. तव्यावरचो. मी म्हटलंय, बरे झाल्यार खावा. एक तुकडो दिलंय नाय गो."

 इतके दिवस मी तिला हट्टी म्हणत होते, अडाणी म्हणत होते. पथ्य खोटं ठरलं तर तिच्यासाठी काय काय खोटं ठरत होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी घाईघाईनं तिचा हात धरला. म्हटलं, आई, ऐका. तेव्हा ही गोळीच नव्हती. गोळी नाही तर जीवनसत्त्वाला पळवून नेणारं कोण होतं? त्यांच्या दुखण्याला तेव्हा औषधच नव्हतं. मासा खाल्ला असता तरी ते वाचले नसते.

तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. शिकलेल्या सुनेचं पटलं तिला.

"वाचले नसते," ती म्हणाली. "पण खावन तरी गेले असते."

 

पाय पुढे बरे झाले, सावकाश. राज्य झालं तेव्हा रोषणाई बघायला ती नाक्यापर्यंत आपल्या पायांनी गेली, काठी घ्या म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. पण मला आठवते ती त्या संध्याकाळनंतरची सकाळ. चाळीत कोळीण आली, मी बांगडे घेतले. सासूबाई भिंत धरधरून चुलीपाशी आल्या आणि मला बाजूला सारलं, "तुका जमाचा नाय." कोकमाचं आगळ नि मिरची लावून बांगडा तव्यावर टाकला तेव्हा सगळ्या मजल्याला कळलं की आमचं सुतक फिटलं.

दुखण्यापासून तिचं ताट-वाटी वेगळं, कोपऱ्यात पालथं असायचं. तिनं त्याला हात लावला नाही. फळीवरून सासऱ्यांचं जुनं पितळी ताट काढलं, पुसलं, भात वाढला, वर अख्खा बांगडा ठेवला आणि फोटोसमोर ताट मांडून शेजारी बसून राहिली. वाफ विरली. बांगडा निवला. मग आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच्याच उष्ट्या ताटात जेवत, तसं तिनं ते ताट स्वतःपुढे ओढलं. काटे बाजूला काढत, एकही घास न टाकता, सगळं संपवलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायचं काही तिला सुचलं नाही.

हात धुऊन आली आणि ओला पंजा माझ्यापुढे पसरला.

"दी गो ती गोळी."