खंडेनवमीचे बोल्ट

आमच्या लाइनवर बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या पेनानं एक रेघ ओढायची. रेघ सरळ आहे तोवर बोल्ट जागचा हललेला नाही. रेघ तुटून तिरकी दिसली की समजायचं, गडी सैल पडला. हा पिवळा पेन माझ्या खिशात आला त्याला तेव्हा चार महिने झाले होते, आणि तो कुणी काढून घेईल एवढ्या नुसत्या विचारानंही माझं डोकं तापायचं.

तापणारच की! चाकणच्या या कंपनीत आम्ही शाळेच्या बसच्या सीटा बनवतो. सहा वर्षं मी पॅकिंगला होते, तयार सीटांना प्लास्टिक गुंडाळत. बोल्ट आवळायच्या जागेवर त्याआधी एकही बाई उभी राहिली नव्हती. आमच्या लाइनच्या साहेबांच्या मागं हात धुऊन लागले तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर जागा तुझी, नाहीतर परत पॅकिंग." म्हणजे दिवाळीपर्यंत माझी एकही चूक चालणार नव्हती.

माझ्या आधी त्या जागेवर असलेला माणूस शेजारीच वेल्डिंगला गेला होता. आमच्याच शिवेपलीकडच्या गावचा. येता-जाता टोमणा मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, ह्यो टॉर्क रेंच हाय, लाटणं न्हाई." टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर लागला की हातात 'टक्' करणारा पाना. मी म्हटलं, "भावा, कधी लाटणं धरलं असतंस तर कळलं असतं, जोर कुठं लावायचा न् कुठं सोडायचा." लाइन हसली. तो नाही हसला. "बघू की, कवर टिकतीस," म्हणाला.

मला शिकवलं ते स्टोअरच्या काकांनी. लातूरकडचे, रिटायरमेंटला आलेले. बोल्ट, नट, वायसर, रिवेट यांच्या खोक्यांमध्येच त्यांचं आयुष्य गेलं. कुठल्याही बाईला 'माय' म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याकडे जायची आणि ते एकेक जिन्नस माझ्या हातावर ठेवायचे.

"आधी इचार, ह्ये परत खोलायचं हाय का?" ते म्हणायचे. "खोलायचं असंल तर बोल्ट. जन्मात खोलायचं नसंल तर रिवेट. प्लास्टिकमधी जायचं असंल तर ह्यो मोठ्या आट्याचा स्क्रू, आपली वाट आपणच कातरत जातो. अन् गाडीसारखं सारखं हदरणारं काही असंल तर ह्यो नट. आत नायलॉनची कडी हाय बघ, ती आट्याला चावून धरती. पण एकदाच. खोलला की फेकायचा, माया करायची न्हाई."

मी विचारलं, मग सगळीकडे सगळ्यात भारी बोल्टच का नाही लावायचा? बोल्टाच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. ८.८ पेक्षा १०.९ ताकदीचा, १२.९ त्याहून. काका खोखो हसले. "स्थळ बघताना नुसता पगार बघतीस का माय? जितका कडक तितका हट्टी. लवणार न्हाई, सांगणार न्हाई, एक दिवस काडकन तुटंल. कामापुरता बळकट बघावा. अन् चकाकतो म्हणून स्टीलचा घेऊ नको. त्यो गंजत न्हाई हे खरं, पर म्हणून ताकदीचा हाय असं न्हाई."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी नीट ऐकायला हवं होतं. बोल्ट धरून ठेवतो तो त्याच्या जाडीमुळे नाही. आवळला की तो केसभर ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीवर दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात. ताण कमी पडला तर सैल, जास्त झाला तर तो कायमचा लांबतो आणि त्याच्यातली ओढच मरते. मी "हो काका, हो काका" म्हणत भाकरी संपवली. मान हलवायला काय जातं?

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या पट्ट्यात कुठल्याही कंपनीत जा, त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ आणि कपाळावर हळदकुंकू असतंच. माझ्या माहेरी शेती होती. खंडेनवमीला वडील विळे, कोयते, कुदळी घासूनपुसून ओळीनं मांडायचे आणि आई एकेकाला तेल लावायची. लोखंडाला तेल लावायचं म्हणजे लेकराला न्हाऊमाखू घालायचं, असंच मी समजत आले. कोरडं लोखंड पूजेला ठेवणं मला बघवेचना.

माझ्या जागेवरची ही माझी पहिली खंडेनवमी. म्हटलं, अशी पूजा मांडीन की वेल्डिंगवाला बघतच राहील. पाना पुसून लखलखीत केला. ट्रेमधले बोल्ट निस्तेज, राखाडी दिसत होते. मशीनच्या तेलाचा डबा घेतला, मूठमूठ बोल्ट बुचकळून काढले आणि पाटावर त्यांची नक्षी मांडली. मधे कमळ, कडेनं वेल. काय देखणी दिसत होती! साहेबांनी फोटो काढला. वेल्डिंगवाला येऊन बघून गेला, टोमणा न मारता. तेवढ्यानं माझं पोट भरलं. पूजा झाल्यावर हत्यार चालवायचं नसतं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. मी बोल्ट फडक्यानं पुसले आणि परत ट्रेमध्ये टाकले, बाकीच्यांत.

दसऱ्यानंतरच्या सकाळी पहिल्या शिफ्टला उभी राहिले. पाचच्या गाडीला बेचाळीस सीटा जायच्या होत्या, एका सीटेला चार बोल्ट. मी भराभर आवळत सुटले. मधूनच एखादा बोल्ट कसा लोण्यात सुरी जावी तसा जायचा. मनात म्हटलं, देव पावला गं बाई. दुपारी दोनपर्यंत सगळ्या सीटा झाल्या, सगळ्यांवर माझ्या पिवळ्या रेघा.

हात धुताना बोटांना तेलकट लागलं. साबण लावला, तरी वास गेला नाही. आणि एकदम आठवलं, त्या लोण्यासारख्या बोल्टांना 'टक्' जरा उशिरा होत होतं. पाना नेहमीपेक्षा जास्त फिरत होता.

मी तशीच ओल्या हातांनी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, बोल्टाला तेल लागलं तर काय होतं हो?"

त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या बोल्टाला? किती तेल?"

सांगितलं. मग म्हणाले, "माय, पाना ताण मोजत न्हाई. त्यो फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्यातला निम्म्याहून जास्त जोर नुसता घासण्यात जातो. आपला आकडा कोरड्या बोल्टासाठी बसवलेला हाय. तेल लावलंस तर घासणं गेलं, अन् तो सगळा जोर बोल्ट ताणण्यात गेला. टक् झालं, पर बोल्ट पार लांबला असंल."

"कुठले ते ओळखू येतील?"

"तूच सांग. कुठल्या सीटेत कुठले गेले?"

मला काय माहीत! करायला गेले पूजा आणि झाली ही दशा. सगळे एकाच ट्रेमध्ये, सगळ्यांवर सारखीच सरळ, सुरेख पिवळी रेघ.

खोटं कशाला बोलू, त्या स्टोअरच्या दारात मी उभी राहिले आणि गप्प बसायचा विचार केला. काका माझं नाव घेणार नाहीत हे मला माहीत होतं. वरून कुणाला काही दिसत नव्हतं. दिवाळी अठरा दिवसांवर होती. सीटा निघून जातील, पेन माझ्या खिशात राहील. मग कधीतरी एखाद्या बसचा ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबेल आणि पोरं बसलेली सीट मुळासकट उखडेल. माझी मला इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी आलं. तशी गप्प राहिले असते तर त्या पेनाला परत हात लावायची लाज वाटली असती.

साहेब लाइनवरच होते. वेल्डिंगवाला शेजारी उभा, कान टवकारून. मी त्याच्यासमोरच बोलले, कारण नंतर बोलायला धीर राहिला नसता. "साहेब, गाडी थांबवा. बोल्टांना मी तेल लावलं होतं. पूजेला. बेचाळीसही सीटा खोलायला लागतील."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या फोनमध्ये फोटो आहे त्याचा. बोल्ट चकाकतायत. मलाही कळलं नाही." मग एका सीटेवरच्या पिवळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "आणि आज तपासणीतही कुणी हात लावला नाही. का माहितीये? ही रेघ होती म्हणून. तुझी रेघ आहे म्हटल्यावर कुणी बघतच नाही."

हे मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. चार महिने मी हेच तर कमावलं होतं!

वेल्डिंगवाला म्हणाला, "माझ्या टायमाला असं कंदी झालं न्हवतं." खरंच होतं. पाना उचलला आणि पहिली सीट उलटी केली.

त्या संध्याकाळी गाडी रिकामी परत गेली. मी दुसऱ्या शिफ्टला थांबले, परत सकाळी आले. एकशे अडुसष्ट बोल्ट माझ्या हातांनी खोलले. काका प्रत्येकावर नायलॉनची कडी नसलेला साधा नट बोटांनी फिरवून बघायचे. चांगल्या बोल्टावर नट शेवटपर्यंत सरसर जातो. लांबलेल्यावर मधेच अडकतो, कारण तिथले आटे फाकलेले असतात. पहिला नट अडकला तेव्हा काकांनी तो बोल्ट माझ्या हातात दिला. असे एकोणीस निघाले. एक तर मधोमध बारीक होऊन त्याला गळा पडला होता. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण नखाला लागत होतं. अडकलेले असोत की न अडकलेले, काकांनी सगळेच भंगाराच्या लाल डब्यात टाकले. "संशय आला की संपलं. माया करायची न्हाई." नवे बोल्ट सीलबंद खोक्यातून आले, नटही नवे. मी ते कोरड्या हातांनी आवळले, परत रेघा ओढल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा पिवळा पेन होता. शेवटची रेघ ओढून झाल्यावर मीच तो तिथं आणून ठेवला होता. म्हणाले, "काय करायचं तुझं?"

रात्रभर विचार करून माझं ठरलं होतं. "मी पॅकिंगला जाणार नाही. तेल लावलं तर काय होतं हे या लाइनवर माझ्याइतकं कुणाला कळलेलं नाही. जागा मला पाहिजे. पण एकट्या माझ्या रेघेवर सीट बाहेर जाऊ देऊ नका. माझ्यानंतर दुसऱ्या माणसानं प्रत्येक बोल्ट पान्यानं तपासायचा आणि हिरवी रेघ ओढायची. दोन रेघा असतील तरच गाडीत."

"माणूस कुठून आणू?"

"वेल्डिंगवाला भाऊ द्या."

साहेब म्हणाले, "तुमचं दोघांचं तर पटत नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं. "लाइनवर सगळ्यांचा माझ्यावर भरवसा आहे. त्याचा नाही. मला तोच पाहिजे."

साहेबांनी पेन माझ्याकडे सरकवला. वेल्डिंगवाल्याला निरोप गेला तेव्हा आधी त्याला चेष्टाच वाटली. आला, हिरवा पेन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "ताई, मी सोडणार न्हाई हां. एक बी."

"सोडलंस तर बघ मग," मी म्हटलं.

त्या बेचाळीस सीटा त्यानं माझ्या डोळ्यांसमोर तपासल्या. एकेका बोल्टाला पाना लावायचा, वाकून रेघ बघायचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मी हाताची घडी घालून उभी होते. एकतिसाव्या सीटेला तो थांबला, आणि सगळ्या लाइनला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई! हितं तुझी रेघच न्हाई!"

असा राग आला मला! कानशिलं तापली, तोंडावर शिवी आली होती. जाऊन बघते तर खरंच, मागच्या पायाचा डावा बोल्ट, रेघ नाही. मी गुडघ्यावर बसले, पाना लावला, टक् ऐकलं आणि पिवळी रेघ ओढली. त्यानं परत पाना लावला, परत ऐकलं आणि शेजारी हिरवी ओढली.

त्या दिवशी मी घरी जाऊन निवांत जेवले.